'अनुभव' नावाची नवी वेठ

बालविकासाच्या प्रयोगशाळेत पदवीचे विद्यार्थी संशोधन सहाय्यक म्हणून नेमके काय करतात, ते आधी सांगतो. लॅब म्हटले की आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढे परीक्षानळ्या येतात. इथे खेळण्यांची खोली आणि कॅमेरा असतो. पालकांना फोन लावायचे, संमतीपत्रे भरून घ्यायची, खेळणी पुसून ठेवायची आणि मग तासन्‌तास व्हिडिओ बघून नोंदी करायच्या. मुलाने कुठे पाहिले, किती वेळ पाहिले, ताईच्या प्रश्नाला उत्तर दिले की गप्प राहिले. एकच व्हिडिओ दोघांनी वेगवेगळा तपासायचा, नोंदी पुरेशा जुळतात का ते बघायचे. शोधनिबंधातले आकडे या बैठ्या कामातून येतात.

आणि हे काम बहुधा फुकट असते. आमच्यातल्या काही जणांनी ते एका नामांकित संस्थेत सहा महिने केले. हाती आले प्रमाणपत्र आणि शिफारसपत्र. जागेची जाहिरात कुठेच नव्हती, एका सिनियरने सांगितले म्हणून कळले. मॅडमना थेट मेल टाकायचा असतो, हे सांगणारे माणूस ज्याच्या घरात आहे त्याला सिनियरचीही गरज नसते. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून संध्याकाळी डिलिव्हरीची बॅग पाठीवर घेणारा मुलगा सहा महिने फुकट कुठून देणार? दोन वर्षांनी परदेशी पीएचडीच्या अर्जात 'संशोधनाचा अनुभव' हा रकाना येतो आणि त्याचा कोरा राहतो. यालाच पुढे मेरिट म्हणतात.

"शिकायला मिळते, वर पैसे कसले मागता?" असे विचारणारे आपल्यातही आहेत. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. शिकणाऱ्याला पोट असते हे बडोद्याच्या महाराजांना कळत होते. वतनाची वेठही 'मान' म्हणूनच आपल्या गळ्यात बांधली होती.

पण विद्यावेतन मिळाले की प्रश्न सुटला, असे आम्ही मानत नाही. पडद्यासमोर कोण बसते हा त्याहून मोठा प्रश्न आहे. वस्तीतले पोर चकचकीत खोलीत अनोळखी ताईसमोर गप्प बसते. नोंद होते, 'प्रतिसाद नाही'. नोंदणारे दोघेही एकाच प्रकारच्या घरातले असतील तर त्यांच्या नोंदी छान जुळतात. चूकही जुळते.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले होते. जात जाहीर केली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. सगळ्यांसमोर जात पुकारली आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पोरांची बुद्धी तीच होती, खोलीतली हवा बदलली. ही हवा ज्याने शाळेत स्वतः खाल्ली आहे, त्याला ती व्हिडिओतही दिसते.

अमेरिकेत हे घडून गेले आहे. मेमी क्लार्क आणि केनेथ क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने बाहुल्या पुढे ठेवून कृष्णवर्णीय मुलांना प्रश्न विचारले, आणि त्यांचे काम १९५४ साली 'ब्राऊन' खटल्यात, शाळांतला वर्णभेद मोडणाऱ्या निकालात, आधाराला आले. तो प्रश्न सुचायला ते बालपण जगलेले असावे लागते.

नव्या चार वर्षांच्या पदवीत संशोधनाच्या शाखेला यूजीसीने पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्क्यांची अट घातली आहे. म्हणजे दारावर आणखी एक कुलूप.

म्हणून आपल्या विद्यार्थी संघटनांनी प्रत्येक मानसशास्त्र आणि गृहविज्ञान विभागाकडे लेखी विचारावे: सहाय्यक किती, निवड कशी झाली, मानधन किती, त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे किती, शोधनिबंधावर नाव कोणाचे. सरकारी विद्यापीठ असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. येत्या सत्राचे प्रवेश सुरू होण्याआधी तो टाका.