दुबईची भांडी आणि लेकीचं रुखवत

या खेपेला धसईच्या एका वाचकताईंचं पत्र समोर घेऊन बसले आहे. धसई म्हणजे मुरबाड तालुक्यातलं बाजाराचं गाव. १ डिसेंबर २०१६ रोजी महाराष्ट्रातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून ते जाहीर झालं होतं, तेव्हा नाव ऐकलं असेल. अशा गावातल्या ताईंनी घरबसल्या फोनवर दुबईचे भाव काढले, यात नवल ते काय!

ताई लिहितात : धाकट्या लेकीचं लग्न मार्गशीर्षात आहे. भिशीचे पंचवीस हजार हाती आले आहेत. थोरल्या जाऊबाईंचा मुलगा तीन वर्षं दुबईला नोकरीला आहे, तो दिवाळीला येतोय. इथे साडेएकवीस हजारांना मिळणारा परदेशी कंपनीचा दहा नगांचा स्टीलचा संच तिकडे सहाशे दिर्हमला आहे. रुखवतात मांडला तर चार माणसं बघतील. आणायला सांगू का? यजमान ‘नको’ म्हणतात, पण कारण सांगत नाहीत.

यजमानांचं कारण मला ठाऊक नाही, पण आपण आपला हिशेब मांडून पाहू.

दिर्हम चोवीस रुपयांचा धरला तर संच पडतो १४,४०० रुपयांना. म्हणजे ७,१०० रुपये वाचले, असं वाटतं. पण हा भाव दुबईच्या दुकानातला झाला. संच आपल्या ओट्यावर यायला हवा ना? खोक्यासकट वजन चौदा किलो, असं ताईंनीच लिहिलं आहे, आणि कार्गोवाल्यानं किलोला पंधरा दिर्हम सांगितले आहेत. त्याचे झाले ५,०४०. आता संच १९,४४० वर गेला. त्यावर सरकारची पट्टी. ती नुसत्या भांड्यांच्या किमतीवर बसत नाही बरं का, भाडं आणि विमा धरून जी किंमत होते तिच्यावर बसते. नुसते दहा टक्के धरले तरी १,९४४ रुपये गेले आणि हातात उरले ११६. प्रत्यक्षात सीमाशुल्क आणि जीएसटी मिळून दहा टक्क्यांवर भागत नाही.

‘मग भेट म्हणून पाठव म्हणावं’ असं कुणीतरी सुचवतंच. तो रस्ता डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाला. टपालानं किंवा कुरियरनं ‘भेट’ म्हणून करमाफीत येणाऱ्या वस्तूंमध्ये तेव्हापासून राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढंच उरलं. कढई कितीही प्रेमानं पाठवली तरी ती राखीत बसत नाही.

राहिला सामानातून आणण्याचा मार्ग. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला स्वतःबरोबरच्या सामानात काही रकमेपर्यंत करमाफी असते. २०१६ च्या नियमांत ती पन्नास हजार रुपये होती. हे आकडे बदलत असतात, तेव्हा पुतण्यानं निघायच्या आधी कस्टम्सचे चालू नियम पाहून घ्यावेत. या मर्यादेत तुमचा संच सहज बसतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही सवलत माणशी असते, नवराबायकोची एकत्र करून एकाच महागड्या वस्तूला लावता येत नाही. आणि ती बरोबरच्या सामानालाच असते. खोकं त्याच्या नावानं मागाहून जहाजानं पाठवलं तर नव्या वस्तूंना ती मिळत नाही. कायमचं परतणाऱ्यांच्या घरसामानाला वेगळी, मोठी सवलत आहे, पण तुमचा पुतण्या तर सुट्टीवर येतो आहे.

आणखी एक. ‘दुबईत पाच टक्के कर परत मिळतो’ असं ऐकून तोही हिशेबात धरू नका. तो पर्यटकांना मिळतो. तिथे राहून नोकरी करणाऱ्याला मिळत नाही.

म्हणजे पैसे वाचतात ते एकाच वाटेनं : पुतण्यानं ते खोकं आपल्या बॅगेत घालून आणायचं. ताई, खरी गोष्ट इथेच आहे. तिकिटावर त्याला तीस किलो मिळत असतील, तर त्यातले चौदा तुमचे झाले. उरलेल्या सोळात त्याचे कपडे, आईवडिलांसाठी घेतलेलं, बायकोनं सांगितलेलं आणि पोरांचा खाऊ. वर्षभरानं घरी येणाऱ्या मुलाची बॅग उघडताना जाऊबाई शेजारी बसलेल्या असतील, आणि वर निघणार काकूचं खोकं. त्या तोंडानं काही बोलणार नाहीत. पण लग्नघरात थोरल्या जाऊचं न बोलणं किती महाग पडतं, ते तुम्हाला मी काय सांगू? शिवाय ते ओझं मुंबईच्या विमानतळावरून कल्याण, कल्याणहून एस.टी.नं मुरबाड आणि तिथून धसई असं त्यालाच वाहायचं आहे.

आता भांड्यांकडे वळू. परदेशी भांड्यांचं हे वेड आलं कुठून? सत्तर-ऐंशीच्या दशकांत आखातातून कुणी आलं की थर्मास, टेपरेकॉर्डर आणि बिनचिकट तवा बघायला आळी जमायची. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांनी ते दिवस पाहिले आहेत. तेव्हा आयातीवर बंधनं होती, ती वस्तू इथे मिळतच नसे. त्यातली उरलेली ७१५ वस्तूंवरची बंधनं १ एप्रिल २००१ ला उठली. तेव्हापासून ‘इथे मिळत नाही’ हे कारण संपलं. राहिला तो फक्त भाव, आणि थोडा तोरा. तोरा वाईट असं मी म्हणत नाही. रुखवत असतंच मुळी त्यासाठी!

पण भांडं ज्या देशात जन्मतं त्या देशाच्या चुलीसाठी आणि जेवणासाठी जन्मतं. माझ्याकडे एका नातेवाइकांनी परदेशातून आणलेलं बिडाचं, वरून रंगीत मुलाम्याचं मोठं पातेलं आहे. देखणं आहे, प्रश्नच नाही. रिकामं असतानाच पाच किलोंच्या पुढे. त्यात आमटी भरली की बर्नरवरून उतरवायला यजमानांना हाक मारावी लागे. त्याचे कान जाड, तिथे आपली सांडशी चालत नाही. फडकी दोन्ही हातांना गुंडाळायची. ते भट्टीत सरकवायचं भांडं, तासन् तास मंद शिजवायचं. आपण करतो काय? तेल तापवून फोडणी देतो आणि वर गार पाणी ओततो. अशा मुलाम्याला हा गरमगाराचा झटका सोसत नाही. माझ्याकडे एकदा मोरीत नळावर आपटलं, टवका उडाला, आणि तेव्हापासून त्यात कांदे-बटाटे ठेवते.

नणंदेनं अमेरिकेहून हौसेनं पाठवलेल्या मिक्सरची गत याहून वाईट झाली. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. पहिल्याच चटणीला धूर! विजेवर चालणारं काहीही मागवण्याआधी त्याच्या बुडाशी लिहिलेले आकडे वाचायला सांगा.

स्टीलच्या संचाचं तसं नाही, ते मान्य. पण दहा नग म्हणजे काय ते उघडून पाहिलंत का? बहुतेक संचांत काचेची झाकणंही मोजलेली असतात. उरलेल्यांत लांब दांड्यांची दोन-तीन पातेली आणि एखादा उथळ तवा. पोळीचा तवा नाही, कढई नाही, आणि कुकर तर नाहीच.

स्टील घेताना चकाकी बघू नका, पोट बघा. स्टील उष्णता नीट पसरवत नाही, म्हणून पातळ पातेल्यात दूध बुडाला लागतं. चांगल्या भांड्यात स्टीलच्या दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा थर असतो, आणि ॲल्युमिनियम उष्णता भराभर पसरवतं. काहींत हा थर नुसत्या बुडाला डकवलेला असतो, काहींत थेट काठापर्यंत गेलेला. काठापर्यंतचं ते खरं तीन थरांचं. ते महाग असतं आणि फोडणीला, रव्याला, खिरीला पैसा वसूल करून देतं. लेकीकडे पुढे इंडक्शनची शेगडी येणार असेल तर बुडाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तरच चालेल.

अशी तीन थरांची भांडी आपल्याकडे होतात आणि कल्याणच्या दुकानांत हाताळून घेता येतात. कुकरसाठी तर दुबईकडे बघायचं कारणच नाही. हॉकिन्सचा एक कारखाना आपल्या ठाण्यातच आहे. आपल्याकडून परदेशी निघालेल्या मुलींच्या बॅगांत कुकर असतो तो काही उगीच नाही. उद्या रिंग सैल झाली, शिटी बिघडली, तर सुटा भाग मुरबाडला नाही तर कल्याणला मिळतो. घेताना आयएसआय चिन्ह पाहा. स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना ते सक्तीचं करणारा आदेश केंद्र सरकारनं २०२४ च्या मार्चमध्ये काढला आहे.

भाकरी-थालीपिठासाठी लोखंडी तवा पौष पौर्णिमेला तुमच्याच तालुक्यात, म्हशाच्या यात्रेत बघा. लग्नानंतरची गोष्ट, पण लेकीला माहेरपणाला आली की देता येईल. तिला एवढं सांगून ठेवा, की चिंच-कोकम घातलेलं काही साध्या लोखंडात ठेवायचं नाही, काळं पडतं. आणि बिनचिकट तवा रिकामा ठेवून फोनवर बोलत बसायचं नाही. २६० अंशांच्या वर त्याचा लेप बिघडू लागतो, आणि मोठ्या आचेवरचा कोरडा तवा तिथवर बघता बघता पोचतो.

तेव्हा ताई, मी तुमच्या जागी असते तर पुतण्याला एकच वस्तू सांगितली असती : चोवीस सेंटिमीटरचं, काठापर्यंत तीन थरांचं एक पसरट भांडं. ते जेमतेम दीड-दोन किलोंचं असतं. रुखवतात मधोमध मांडा, ‘दुबईहून भावानं आणलं’ असं खुशाल सांगा. बाकीचं कल्याणहून. आणि हे सांगणं पुतण्याला परस्पर फोनवर नको. आधी जाऊबाईंच्या कानावर घाला, त्यांनीच मुलाला सांगू दे. पैसे त्याच्या खात्यावर आजच पाठवा, ‘आल्यावर बघू’ म्हणू नका. तो घेणार नाही म्हणेल, तरी पाठवा. बिल बॅगेत नको, पाकिटात ठेवायला सांगा, विमानतळावर विचारलं तर पटकन दाखवता येतं.

ताजा कलम : काचेचं झाकण फुटलं तर तेवढंच मिळेल का, असंही ताईंनी विचारलं आहे. भांड्याचा व्यास आतून मोजून कागदावर लिहून न्या, कल्याणला सुटी झाकणं मापावर मिळतात.