दंड शेतकऱ्याला, नोटीस वीज केंद्राला!



थंडीत दिल्लीची हवा फार बिघडली की कचेऱ्यांतील निम्म्या साहेबांना घरून काम करण्याची मुभा मिळते. तुघलकाबादच्या ट्रॅकमनला आणि टपाल वाटणाऱ्या पोस्टमनला ती मिळत नाही. रूळ काही घरी नेता येत नाहीत. म्हणून हा धूर आम्ही कामगारांचाच प्रश्न मानतो. आणि त्याचे सारे खापर पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यावर फोडले जाते, ते आम्हाला मान्य नाही.

शेतकरी पेंढा हौसेने जाळत नाही. भूजल वाचवण्यासाठी पंजाबात २००९ साली कायदा झाला, भाताची लावणी जूनपर्यंत पुढे गेली आणि कापणी व गव्हाची पेरणी यांत दोन-तीन आठवडेच उरले. कम्बाईन यंत्र दाणे नेते, धसकटे आणि पेंढा रानात टाकते. तो उचलण्याची मजुरी कोणी द्यायची?

याच पेंढ्याच्या दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, कोळशात मिसळून वीज करता येते हे एनटीपीसीने दादरीच्या केंद्रात २०१७ मध्येच दाखवून दिले. वीज केंद्राच्या धुराड्याला राख धरणारी यंत्रणा असते, रानाला नसते. शिवाय भात दरवर्षी उगवतो, कोळसा उगवत नाही. आपल्याकडचे साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करून विकतातच. पण चिपाड कारखान्याच्या दारातच पडते, पेंढा हजारो रानांत विखुरलेला असतो. आमच्यातलेच काही म्हणतात, कोळसा घटला तर मालगाड्या घटतील. पाच टक्क्यांनी रेल्वे बुडत नाही!

हे पाच टक्के आमच्या मनचे नाहीत. दिल्लीपासून ३०० किलोमीटरच्या आतील कोळसा केंद्रांनी निदान एवढा पेंढा जाळावा, असा आदेश हवा गुणवत्ता आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. २०२३ मध्ये त्याचे नियम झाले. अंमलबजावणी पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेतकऱ्याचा दंड दुप्पट झाला: दोन एकरांखालच्याला ५,००० रुपये, पाच एकरांवरच्याला ३०,०००. उपग्रह त्याचे रान टिपतो आणि तलाठी-पोलीस दारात उभे. वीज केंद्रांचे काय? २०२४-२५ सालच्या कसुरीबद्दल सहा केंद्रांना कारणे दाखवा नोटिसा निघाल्या त्या डिसेंबर २०२५ मध्ये, म्हणजे वर्ष सरून आठ महिने उलटल्यावर!

पेलेट मिळत नाहीत ही केंद्रांची सबब जुनी आहे. खरेदीचा लांब मुदतीचा करार हातात नसेल तर पेलेटचा कारखाना काढणार कोण आणि त्याला कर्ज देणार कोण?

आमची मागणी अशी: केंद्रांकडून दंड त्याच वर्षी वसूल करा, तो पैसा पेंढा उचलण्याच्या मजुरीला द्या, पेलेट कारखान्यांत धुळीत राबणाऱ्या कंत्राटी मजुरांना किमान वेतन आणि ईएसआय लागू करा. शाखांनी या मागणीचे ठराव भातकापणीपूर्वी मध्यवर्ती कचेरीकडे पाठवावेत.