रिकामा डबा

परवा नातवाला घेऊन एका संग्रहालयात गेलो होतो. काचेआड तलवारी होत्या, बंदुका होत्या, पुढाऱ्यांचे चष्मे, काठ्या आणि सहीची पत्रे होती. सगळे पाहून झाल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, या सगळ्यांना जेवायला कोण घालत होतं?"

मी पहारेकऱ्याकडे पाहिले, पहारेकऱ्याने घड्याळाकडे.

प्रश्न पोरकट नव्हता. १९४६ सालची गोष्ट घ्या. १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या केंद्रावरील खलाशांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. बघता बघता तो बंदरातल्या जहाजांवर पसरला. खलाशांची रसद तोडली गेली, तेव्हा मुंबईकर शिदोऱ्या घेऊन गेटवे ऑफ इंडियापाशी धावले. २२ तारखेला शहराने हरताळ पाळला. पुढे झालेल्या गोळीबारांत दोनशेहून अधिक नागरिक मेले. परळला बळी पडलेल्या कमल दोंदे यांचे नाव निदान घेतले जाते. बाकीच्यांचा बहुधा नुसता आकडाच सांगतात. कुलाब्यात खलाशाचा पुतळा उभा आहे, आणि तो हवाच. पण शिदोरी बांधणाऱ्या हातांचे काय?

आमची आई त्यांतलीच. गिरगावातल्या चाळीतून तिने वडिलांच्या हाती पितळेचा डबा धाडला होता. पोळ्या आणि बटाट्याची भाजी! दिवस रेशनचे. त्या रात्री घरात सर्वांनी पेज पिऊन भागवले. डबा रिकामा परत आला, हे मात्र ती एखादे पदक मिळाल्यासारखे सांगे.

घरी येताच संग्रहालयाला चार शब्द सुनावणारे पत्र लिहायला बसलो. 'असा एखादा डबाही मांडा, आमचा देतो,' असे लिहिले, तोच सौभाग्यवतींनी विचारले, "पण डबा आहे कुठे?"

तेव्हा आठवले. आई गेल्यावर आम्हीच तो मोडीत घालून स्टीलचा घेतला होता. घासायला सोपा म्हणून! पत्र अर्धेच राहिले.

तेव्हा वाचकहो, यंदा माळा आवरताना एखादे पोचे पडलेले भांडे हाती लागले, तर भांडीवाल्याकडे नेण्यापूर्वी फराळाला जमलेल्या वडीलधाऱ्यांना त्याची हकीकत विचारा, आणि चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. उद्या संग्रहालयवाल्यांना सुबुद्धी झाली, तर आपल्यापाशी द्यायला काही हवे ना!