वॉरंटीनंतरची आलिशान मोटार : किंमत उतरते, देखभालीचा खर्च उतरत नाही

अहिवारा (भिलाई, छत्तीसगड) : जुन्या आलिशान मोटारींचा बाजार आता महानगरांच्या सीमा ओलांडून जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला आहे. सात-आठ वर्षे वापरलेली जर्मन बनावटीची मोटार आज नव्या मध्यम आकाराच्या गाडीच्या किमतीत मिळू शकते. कंपनीची वॉरंटी मात्र तोवर संपलेली असते आणि पहिल्या मोठ्या बिघाडापर्यंत त्या गोष्टीचे महत्त्व फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. वॉरंटी संपते तेव्हा बिघाडाची जोखीम कंपनीकडून मालकाकडे येते. सुटे भाग, तपासणीची उपकरणे आणि संगणकीय माहिती यांवरील ताबा बऱ्याच अंशी कंपनीकडेच राहतो. या असमतोलाचा भार लहान शहरांतील ग्राहकाला सर्वाधिक सोसावा लागतो.

दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा हे अशा शहरांचे बोलके उदाहरण ठरावे. भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनी खाणींचा हा परिसर असून सिमेंट उद्योगही येथे रुजला आहे. खनिजाची वाहतूक, कंत्राटदारी आणि पूरक उद्योग यांतून येणारा पैसा आहे, त्यामुळे मोठ्या गाडीची हौसही अनैसर्गिक नाही. तथापि आलिशान मोटारींची अधिकृत सेवा केंद्रे रायपूरला आहेत. किरकोळ तपासणीसाठी गाडी तेथे नेता येते. पण वाटेत बंद पडलेली, स्वयंचलित गिअरबॉक्सची मोटार तेथवर पोहोचवायची तर सपाट पाठीचे वाहनच मागवावे लागते. तो खर्च खरेदीच्या हिशेबात सहसा धरलेला नसतो.

किंमत आणि खर्च यांचे विषम गणित

या व्यवहारातील मूळ मुद्दा साध्या उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, नवी असताना ६० लाख रुपयांची असलेली मोटार आठ वर्षांनी १८ लाखांना विकली गेली. तिचे सुटे भाग मात्र ६० लाखांच्या मोटारीचेच राहतात. एखाद्या मोठ्या दुरुस्तीला ३ लाख रुपये लागले, तर पहिल्या मालकाच्या दृष्टीने ती रक्कम मोटारीच्या किमतीच्या ५ टक्के होते. दुसऱ्या मालकासाठी तीच रक्कम त्याने मोजलेल्या किमतीचा सहावा भाग ठरते. त्यातही असे बिघाड बहुधा दुसऱ्या मालकाच्या काळातच उद्भवतात.

त्यामागे तांत्रिक कारणे आहेत. अनेक आलिशान मोटारींत लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन असते. त्यातील रबरी फुग्याला बारीक चीर पडली की हवा गळू लागते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि अखेरीस तोही निकामी होतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात खचलेली दिसणे ही त्याची पहिली खूण. तेवढ्यावर फुगा बदलला तर कॉम्प्रेसर वाचतो. दुर्लक्ष केले तर दोन्हींचा खर्च पदरी पडतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतील प्लास्टिकच्या टाक्या, जोडनळ्या आणि थर्मोस्टॅटचे आवरण हेही सततच्या उष्णतेने ठिसूळ होतात. छत्तीसगडच्या कडक उन्हाळ्यात या भागांवरील ताण आणखी वाढतो. शीतक द्रव गळू लागल्यावरही गाडी तशीच दामटली, तर काही हजारांचे काम इंजिनाच्या हेडपर्यंत जाते.

गिअरबॉक्सच्या तेलाबाबतही गैरसमज आहे. हे तेल ‘आयुष्यभरासाठी’ असते, असे ग्राहकाला अनेकदा सांगितले जाते. मात्र बीएमडब्ल्यू, ऑडी यांसह अनेक कंपन्यांना स्वयंचलित गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी वापराच्या स्वरूपानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ते बदलण्याची शिफारस करते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून ते साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे लागते. गाडी कमी चालली म्हणून ही मुदत पुढे ढकलता येत नाही.

खाण आणि सिमेंटच्या पट्ट्यात धुळीची भर पडते. इंजिनाचा व वातानुकूलन यंत्रणेचा फिल्टर येथे पुस्तिकेतील मुदतीच्या आधीच तपासावा लागतो. डिझेल मोटारींच्या धुराड्यातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा प्रश्न वेगळा आहे. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी काही वेळ सलग व पुरेशा वेगाने चालावी लागते. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ही प्रक्रिया पूर्ण होत नाही आणि फिल्टर तुंबतो. अशा मालकाने अधूनमधून महामार्गावर लांबचा पल्ला गाठणे हाही देखभालीचाच भाग होय. पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत २० टक्के इथेनॉलमिश्रित इंधनाचा विचार करावा लागतो. काही जुन्या वाहनांत रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले होते.

कुलूप कंपनीचे, जबाबदारी मालकाची

भिलाई परिसरात कुशल कारागिरांची वानवा नाही. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या येथील पोलाद कारखान्याभोवती यंत्रदुरुस्तीची मोठी परंपरा घडली आहे. अवजड वाहनांचे इंजिन खोलून पुन्हा बसवणारे हात येथे सहज मिळतात. आलिशान मोटारीपुढे मात्र हे कौशल्य अनेकदा अपुरे पडते. कारण अनेक मॉडेलांत नवी बॅटरी बसवल्यावरही तिची नोंद मोटारीच्या संगणकात करावी लागते. काही नियंत्रक भाग गाडीच्या चासी क्रमांकाशी जोडलेले असतात आणि कंपनीच्या प्रणालीतून मान्यता मिळाल्याशिवाय ते चालू होत नाहीत. अशा वेळी कारागिराला बिघाड कळतो, भाग बदलताही येतो. पण काम पूर्ण करता येत नाही.

हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगासमोर यापूर्वीच येऊन गेला आहे. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजना खुल्या बाजारात उपलब्ध करून न देणे हे स्पर्धेला मारक असल्याचा निष्कर्ष काढून आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यांत आलिशान मोटारी बनवणाऱ्या कंपन्याही होत्या. ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. सदोष दुरुस्तीमुळे जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने स्पष्ट केले. प्रकरण पुढे अपिलांत गेले आणि काही कंपन्यांच्या दंडाची रक्कम कमी झाली. पण आयोगाने मांडलेले तत्त्व आजही ग्राहकाच्या उपयोगाचे आहे.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चा आराखडा तयार करण्यासाठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे त्यात निश्चित करण्यात आली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. त्यावर कंपन्यांनी माहिती देणे अपेक्षित असले, तरी मोटारीच्या संगणक प्रणालीत प्रवेश मिळण्याचा प्रश्न केवळ माहितीपुस्तिका प्रसिद्ध करून सुटणारा नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच कायदा करून स्वतंत्र गॅरेजना वाजवी दरात तपासणीची माहिती देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. भारतात अशा स्वतंत्र कायद्याची उणीव अजून भासते.

करातील बदल आणि विम्याच्या मर्यादा

वस्तू व सेवा कर परिषदेच्या अलीकडच्या निर्णयांचा या बाजारावर दुहेरी परिणाम झाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या बैठकीत नोंदणीकृत व्यापाऱ्यांकडून होणाऱ्या सर्व जुन्या वाहनांच्या विक्रीवर १८ टक्के दर ठरवण्यात आला. हा कर पूर्ण किमतीवर नसून व्यापाऱ्याच्या नफ्याच्या फरकावर आहे. १६ लाखांना घेतलेली मोटार १८ लाखांना विकली तर २ लाखांवर, म्हणजे ३६ हजार रुपये कर लागतो. मोठ्या मोटारींना हा दर आधीपासूनच लागू असल्याने आलिशान गाड्यांच्या व्यवहारात फारसा फरक पडलेला नाही. याउलट २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सर्व सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के दर लागू झाला. पूर्वी २८ टक्के कर असलेल्या १ लाख रुपये मूळ किमतीच्या भागामागे १० हजार रुपये वाचतात. आयात भागांच्या मूळ किमतीवर विनिमय दराचा परिणाम होतच असल्याने हा दिलासा मर्यादितच आहे.

विम्याबाबत अपेक्षाभंग अधिक होतो. नियमित मोटार विमा अपघात, चोरी, आग, पूर यांसारख्या हानीसाठी असतो. यांत्रिक बिघाड आणि वापरामुळे होणारी झीज त्यातून वगळलेली असते. घसारा न कापता भरपाई देणारे पूरक संरक्षण जुन्या गाड्यांना सहज मिळत नाही. ते नसेल तर प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅग यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो. समोरच्या बंपरमध्येच कॅमेरे, रडार आणि संवेदक बसवलेल्या मोटारीला किरकोळ धडकेतही मालकाच्या वाट्याला मोठी रक्कम येऊ शकते. शिवाय आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर हस्तांतरित होत नाही.

खरेदीपूर्वीची दक्षता

अशा मोटारीची देखभाल खऱ्या अर्थाने खरेदीच्या आधीच सुरू होते. चासी क्रमांकावरून अधिकृत केंद्रातील सेवा नोंदी तपासल्यास किलोमीटरच्या आकड्यातील फेरफार आणि मोठे अपघात बहुधा उघड होतात. हवेचे सस्पेन्शन, गिअरबॉक्स आणि शीतन यंत्रणा यांची उंचावर उचलून व संगणकाद्वारे तपासणी करून घेण्याचा खर्च पुढील जोखमीच्या मानाने नगण्य आहे. कंपन्यांच्या स्वतःच्या प्रमाणित जुन्या मोटारींच्या योजनांत किंमत जास्त असते; पण तपासणी आणि ठरावीक काळाची वॉरंटी मिळते. महानगरांपासून दूर राहणाऱ्यांनी तो फरक विम्याच्या हप्त्यासारखा मानणे शहाणपणाचे ठरते.

परराज्यातील गाड्यांबाबत विशेष सावधगिरी हवी. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल वाहनांवर आलेल्या निर्बंधांमुळे तेथील अनेक महागड्या मोटारी इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी घेताना ना हरकत प्रमाणपत्र, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आणि नव्या राज्यातील कर यांचा हिशेब आधी करावा लागतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घेणे आवश्यक करण्यात आले असून, ताब्यात दिलेल्या वाहनाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली आहे. व्यापाऱ्याने दोष लपवून गाडी विकल्यास ५० लाख रुपयांपर्यंत मोजलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ती ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यातही दाखल होते. म्हणजे अहिवाऱ्याच्या ग्राहकाला दुर्गमध्येच दाद मागता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. खासगी व्यक्तीकडून थेट घेतलेल्या गाडीला हे संरक्षण सहसा लाभत नाही.

खरेदीनंतरच्या खर्चासाठी वेगळा निधी बाजूला ठेवणे अपरिहार्य आहे. मूळ पुरवठादार कंपनीने बनवलेला, पण मोटार कंपनीचे चिन्ह नसलेला भाग अनेकदा स्वस्त पडतो. ब्रेक, फिल्टर, बेअरिंग यांसारख्या कामांत जाणकार स्वतंत्र गॅरेजचा पर्याय उपयुक्त ठरतो. सुरक्षा यंत्रणा आणि संगणकीय नोंदणीची कामे मात्र योग्य उपकरणे असलेल्या ठिकाणीच करावीत. प्रत्येक कामाचे बिल जपून ठेवल्यास वादात पुरावा आणि पुनर्विक्रीत किंमत, दोन्ही मिळतात.

ऑक्टोबर २०१० मध्ये तत्कालीन औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्रितपणे १५० मर्सिडीज-बेंझ मोटारी सुमारे ६५ कोटी रुपयांना खरेदी केल्या, तेव्हा बिगर-महानगरी भारताच्या क्रयशक्तीची देशभर चर्चा झाली. २०२५ च्या अखेरीस त्या खरेदीला १५ वर्षे पूर्ण झाली, म्हणजे खासगी वाहनाच्या पहिल्या नोंदणीची मुदतही संपली. लहान शहरे महागड्या मोटारी विकत घेऊ शकतात, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. त्या मोटारी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडेही सुरक्षितपणे धावत राहण्यासाठी सुटे भाग, उपकरणे आणि माहिती गावपातळीवरील गॅरेजपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. ‘दुरुस्तीच्या हक्का’ला कायद्याचे बळ मिळेपर्यंत हा भार ग्राहकाच्या खिशावरच राहणार असल्याने, दुर्ग जिल्ह्यातील असो वा मराठवाड्यातील, खरेदीदाराने गाडीच्या किमतीइतकाच तिच्या पुढील पाच वर्षांच्या खर्चाचा विचार करणे हिताचे आहे.