दिनविशेष आणि विद्यार्थ्याची वही

हल्लीं पुष्कळ शाळांतून परिपाठाच्या वेळीं दिनविशेष वाचण्याची चाल आहे. चाल उत्तम आहे. परंतु पहिल्या तासाची घंटा होतांच अमक्याची जयंती व तमक्याची पुण्यतिथि ह्या दोन्ही विस्मृतींत जातात. सबब आमचें असें मत आहे कीं, आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनीं दिनविशेष नुसता न ऐकतां त्यावर रोज आठ-दहा ओळी स्वतः लिहाव्या. आणि त्यासाठीं शिक्षकांनीं विषय न देतां प्रश्न द्यावा.

विषय आणि प्रश्न यांत अंतर फार आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं आपल्या पनवेल तालुक्यांतील शिरढोण येथें वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्या तारखेस 'आद्य क्रांतिकारक' असा विषय फळ्यावर लिहिला कीं, साऱ्या वह्यांत 'थोर', 'तेजस्वी' हीं विशेषणें उतरतात. लिहिणारा मात्र कोरडाच राहतो. त्याऐवजीं असें सांगावें: फडके पुण्यास लष्करी हिशेब खात्यांत कारकून होते, आई आजारी असतां त्यांस वेळेवर रजा मिळाली नाहीं व तिची अखेरची भेट अंतरली, तर त्यांचा तो रजेचा अर्ज तुम्ही लिहा. येथें विशेषणांचा उपयोग नाहीं. अर्ज लिहितां लिहितां मुलास पारतंत्र्याचा अर्थ कळूं लागेल, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं दूर एडन येथें बंदिवासांत त्या कारकुनाचा अंत कां व्हावा, हें तो आपण होऊन विचारील.

दुसरा लाभ असा कीं, चांगला प्रश्न मुलास माणसांकडे पाठवितो. ३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस. त्या दिवशीं विचारावें, 'तुमच्या आजीनें शाळा केव्हां सोडली व कां?' २५ सप्टेंबर १९३० रोजीं उरण तालुक्यांतील चिरनेर येथें जंगल सत्याग्रहांत गोळीबार झाला; त्या तारखेस विचारावें, 'रानांतील लाकूडफांटा आणणें हा अपराध कोणीं ठरविला?' सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजीं झाली. त्या दिवशीं करंजाड्यांतील मुलांस विचारावें, 'तुमची इमारत उभी आहे तेथें पूर्वीं काय होतें?' येथील कांहीं मुलें पिढीजात गांवकऱ्यांचीं, तर पुष्कळ मुलें बाहेरून राहावयास आलेल्या कुटुंबांतील आहेत. या एका प्रश्नानें नवा रहिवासी जुन्या घराच्या ओटीवर जाऊन बसेल. भातशेतीचा काळ ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिला तीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. त्यांच्यामागें हें विचारावयाचें कोणास?

कोणी म्हणतील, इतक्या वह्या रोज तपासावयास शिक्षकांस वेळ कोठून मिळावा? आम्ही म्हणतों, रोज तपासूंच नयेत. आठवड्यास एक नोंद विद्यार्थ्यानें आपण निवडून दाखवावी व ती शिक्षकांनीं मन लावून वाचावी. तीस गुणही देऊं नयेत. गुण आले कीं मोबाइलवरील मजकूर वहींत उतरवून घेण्याचा मोह आलाच. आणि सर्वांचें उत्तर एकच यावें असा आग्रह तर मुळींच नसावा.

वर्षाअखेर अशा वह्यांतील निवडक नोंदींस या वार्षिकांत चार पानें मिळावीं, अशी संपादक मंडळास आमची विनंति आहे. त्या पानांत थोरांच्या तिथींबरोबर करंजाड्याचाही इतिहास मुलांच्या हस्तें लिहिला जाईल.