‘यापुढे’ या शब्दाचे वजन

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने २०१२ मध्ये कायद्याने देहदंड रद्द केला. परंतु केवळ यापुढील गुन्ह्यांपुरता. आधी शिक्षा झालेले अकरा कैदी मृत्यूच्या प्रतीक्षेतच राहिले. भाषा शिकविणाऱ्या आम्हांला तो ‘यापुढे’ अस्वस्थ करतो. जी शिक्षा राज्याला उद्या अशोभनीय वाटते, ती कालच्या अपराध्यासाठी न्याय्य कशी ठरते?

या तडजोडीमागील वेदना आम्ही नाकारीत नाही. २००७ मध्ये चेशायर गावी एका आईची व तिच्या दोन मुलींची निर्घृण हत्या झाली होती. त्या दोघा मारेकऱ्यांना सूट मिळेल असे विधेयक संमत होणे कठीणच होते. पण मग कायद्याने तत्त्व स्वीकारले, की फक्त तारीख ठरविली?

२०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी उरलेल्यांचाही देहदंड घटनाबाह्य ठरविला. विधिमंडळाने टाळलेले उत्तर न्यायालयाला द्यावे लागले. ज्याचा गुन्हा अजून घडलेलाच नाही, त्याला क्षमा करणे सोपे असते. ज्याचे नाव उच्चारताच संताप येतो, त्याच्यापाशीच अशा कायद्याची कसोटी लागते, असे आम्हांला वाटते.