पुस्तक मिटा, मग अभ्यास सुरू होतो

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की आपल्याकडे तीन गोष्टींचा खप वाढतो: गाइड, झेरॉक्स आणि हायलायटर. नोट्सचं पानन् पान पिवळं होतं, तेच चारदा वाचलं जातं आणि वाटतं, झाला एकदाचा अभ्यास! माझ्या मते ही नुसती तोंडओळख. रोज बसमध्ये दिसणारा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव विचारलं तर सांगता येत नाही. परीक्षेत नेमकं नावच विचारतात.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्यानंतर मात्र वाचणारे ४२ वर आले, लिहिणारे ५६ वर राहिले.

आपल्या विषयातलं उदाहरण घ्या. 'ख्रिस्तपुराण': कर्ते फादर थॉमस स्टीफन्स, साल १६१६, रायतूरला छापलं, छंद ओवी. एवढं गाइड देतं. पण एका इंग्रज जेझुइटाने बायबलची कथा सांगायला पुराणाचा घाट का निवडला, हे पुस्तक मिटून लिहायला घ्या. दोन ओळींतच पेन अडतं. जिथे अडतं तेवढंच परत वाचा. दोन दिवसांनी पुन्हा लिहा, मग आठवड्याने.

'पोर्शन एवढा, लिहायला वेळ कुठाय?' असं कुणी म्हणेल. चारदा वाचण्यातली दोन वाचनं कमी करा, वेळ तिथेच आहे. आणि पाठांतराला मी नावं ठेवत नाहीये. जात्यावर ओव्या गाणाऱ्या बायकांपुढे कुठे पुस्तक होतं? त्या आठवूनच गायच्या, म्हणून तर ओव्या टिकल्या.

प्रश्न फक्त मार्कांचा नाही. गाइड पाठ केलं की वर्गातल्या सगळ्या उत्तरपत्रिकांत एकच मत उतरतं, तेही आपल्यापैकी कुणाचंच नसलेलं. आठवून लिहिताना वाक्य स्वतःचं करावंच लागतं, आणि तिथेच मतही तयार होतं. साहित्य शिकायला आलो ते त्याचसाठी ना?

म्हणून मंडळाला एक सुचवते. परीक्षेआधीच्या बैठकांत अर्धा तास ठेवूया: पुस्तकं बॅगेत, जोड्या करून एकमेकांना प्रश्न. अडलो तर हसू, पण पेपरात अडणार नाही.